विंडोजसोबत आयतं येणारं सॉफ्टवेअर: काय ठेवायचं, काय काढायचं आणि काळजी नेमकी कशाची करायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. नाशिकरोडला तुमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तुम्ही सहा नवे लॅपटॉप घेतले. विंडोज ११ सोबत एज ब्राउझर, वनड्राइव्ह ही क्लाउड साठवण, कोपायलट हा एआय मदतनीस, टीम्स, नवं आउटलुक आणि लॅपटॉप कंपनीने भरलेला एक ट्रायल अँटिव्हायरस असं सगळं आयतंच आलं. तुम्ही विचारता की यातून क्लायंटचा डेटा बाहेर जातो का, हे सगळं उपटून टाकावं का, आणि एखादी कंपनी हे असं गळ्यात मारू शकते का, आपल्याकडे याला कायदा नाही का.

मी नाशिकमध्ये ऑफिसांच्या मशीनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतो. सीए, वकील, अंबड-सातपूरचे वर्कशॉपवाले, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, सगळ्यांकडे जाणं होतं, त्यामुळे ही तक्रार मला नवी नाही. बहुतेकांचा राग एज आणि कोपायलटच्या आयकॉनवर असतो. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑफिसला खरोखर महागात पडतात त्या गोष्टी तीन: मशीन कोणाच्या अकाउंटवर सुरू झालं, डेस्कटॉपवरच्या फायली कुठे साठतात आणि मेल कोणाच्या सर्व्हरवरून फिरते. तिन्ही गोष्टी लॅपटॉपच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतात, आणि तेव्हा तुम्ही समोर नसता. दुकानातला मुलगा नेक्स्ट-नेक्स्ट करत पुढे गेलेला असतो.

अकाउंटचं आधी बघू. विंडोज ११ होमचं सेटअप इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागितल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला बगल द्यायच्या ज्या युक्त्या होत्या त्या कंपनी एकेक करून बंद करते आहे. प्रो आवृत्तीत अजून रस्ता आहे: ‘वर्क ऑर स्कूल’ निवडायचं आणि साइन-इनच्या पर्यायांत ‘डोमेन जॉइन’ घ्यायचं, की लोकल अकाउंट तयार करता येतं. दुकानदाराला मात्र गिऱ्हाईक उभं असताना एवढी उस्तवारी नको असते. मग तो हाताशी असलेला एखादा ईमेल टाकून मोकळा होतो.

याचा परिणाम मी गंगापूर रोडच्या एका आर्किटेक्टच्या टेबलावर पाहिला. लॅपटॉपचा बायोस अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट झालं आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागलं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं की हार्ड डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे बिटलॉकर नावाच्या कुलपात जाते, आणि तिची किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. कोणतं अकाउंट, याचा इशारा म्हणून स्क्रीनवर ईमेलची सुरुवातीची अक्षरं दिसतात. ती यांच्या ईमेलची नव्हतीच. दुकानातल्या मुलाने स्वतःच्या एका ईमेलवर लॅपटॉप चालू करून दिला होता, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. त्याचा नंबर लागेना. शेवटी डिस्क फॉरमॅट करावी लागली. पेन ड्राइव्हवर जेवढे ड्रॉइंग होते तेवढेच वाचले. यात एन्क्रिप्शनला बोल लावू नका. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये तुमचा लॅपटॉप कोणी उचलला तर त्यातले पॅन, आधार, बँक स्टेटमेंट हेच एन्क्रिप्शन वाचवेल. प्रश्न फक्त एवढाच की किल्ली कोणाच्या खिशात आहे. ती तुमच्या खिशात असेल तर सोय, मुलाच्या खिशात असेल तर तुमचा डेटा त्याच्या मर्जीवर.

आता वनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन सुरू झालं की अनेकदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये जातात. २०२४ पासून नव्या सेटअपमध्ये हे स्वतंत्रपणे न विचारता सुरू होताना दिसलं आहे. टॅक्सच्या ऑफिसात याचा अर्थ काय होतो ते बघा. टॅलीचा डेटा साधारणपणे सी ड्राइव्हच्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, तो यात येत नाही. पण अकाउंटंट मंडळींचं खरं ऑफिस डेस्कटॉपवर असतं. ‘जोशी काका १६ नंबर’, ‘आधार स्कॅन नवीन’, ‘जीएसटी पासवर्ड एक्सेल’ अशा नावांच्या फायलींनी वॉलपेपर दिसेनासा झालेला असतो. ते सगळं क्लाउडवर चढतं, आणि अकाउंट दुकानातल्या मुलाचं असेल तर त्याच्या क्लाउडवर चढतं. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की रोज पैसे भरायचा पॉपअप, आणि अकाउंटचा ईमेल आउटलुक डॉट कॉमचा असेल तर मेल येणं-जाणंही अडतं, कारण २०२३ पासून मेलच्या अटॅचमेंट त्याच ५ जीबीत मोजल्या जातात. कुणीतरी वैतागून प्लॅन घेतं. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत वस्तू फुकट देण्याचं गणित असं बसतं.

क्लाउड बॅकअप मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. नाशिकला पावसाळ्यात लाइटचा जो खेळ चालतो त्यात डिस्क उडालेली मी कितीदा पाहिली आहे, आणि बॅकअप नसलेल्या माणसाचा चेहराही. फक्त तो तुम्ही निवडलेला, तुमच्या अकाउंटवरचा आणि पैसे भरून घेतलेला असावा.

बंद करताना एका गोष्टीची काळजी घ्या. वनड्राइव्हचा बॅकअप बंद केला की पुष्कळदा डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो. फायली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहिलेल्या असतात. पण समोरच्या माणसाच्या छातीत धस्स होतं आणि तो घाईत काहीतरी डिलीट करतो, जे क्लाउडवरूनही जातं. म्हणून आधी सगळं डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फायली उघडून बघा. ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह दिसतं त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, त्या आधी डाउनलोड करून घ्या. मगच बॅकअप बंद करा आणि त्यानंतर अकाउंट अनलिंक करा.

तिसरी गोष्ट मेलची, आणि ही फार कमी जणांना माहीत असते. विंडोजमधलं जुनं मेल ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि त्याच्या जागी ‘नवं आउटलुक’ आलं. त्यात तुम्ही स्वतःच्या डोमेनचा मेल, म्हणजे स्थानिक होस्टिंगवाल्याकडून घेतलेला आयमॅप मेल जोडलात, तर ते ॲप थेट तुमच्या सर्व्हरशी बोलत नाही. तुमचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जातं आणि तिथून तुमची मेल ओढली जाते. २०२३ मध्ये जर्मन तंत्रज्ञान पत्रकारांनी हे उघड केल्यावर युरोपात चांगलाच गदारोळ झाला. कंपनी तशी सूचना दाखवते, पण ती सूचना कोण वाचतं? पिंपळगावच्या एका निर्यातदाराकडे मी हे दाखवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आमचे रॉटरडॅमचे रेट तिसरीकडे पण आहेत?” आहेत म्हणजे कोणी वाचत बसलंय असं नव्हे. पण तुमची मेल किती ठिकाणी आहे याचं उत्तर तुम्हाला माहीत असायला हवं. जुनं डेस्कटॉप आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरा, दोन्ही थेट तुमच्या सर्व्हरशी बोलतात.

टेलिमेट्रीबद्दल, म्हणजे विंडोज आपोआप कंपनीला पाठवतं त्या माहितीबद्दल, लोक जास्त घाबरतात, त्यामानाने त्यात कमी आहे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हापासून हा वाद आहे. फ्रान्सच्या डेटा संरक्षण यंत्रणेने जुलै २०१६ मध्ये कंपनीला नोटीस दिली की तुम्ही गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करता आणि जाहिरातीचा आयडी न विचारता चालू ठेवता. कंपनीने गोळा होणारी माहिती जवळपास निम्म्यावर आणली, आणि २०१७ मध्ये ती नोटीस बंद झाली. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या यंत्रणेनेही नियमभंगाचा ठपका ठेवला. आजच्या सेटिंगमध्ये दोन पातळ्या आहेत. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे हार्डवेअर कोणतं, अपडेट नीट बसलं का, काय क्रॅश झालं. होम आणि प्रोमध्ये हे पूर्ण बंद होत नाही, ती मुभा एंटरप्राइझ आणि एज्युकेशनला आहे. ‘ऑप्शनल’ मात्र बंदच ठेवा. कारण एकच सांगतो. एखादा प्रोग्रॅम क्रॅश झाला तर ऑप्शनल पातळीवर त्या क्षणीच्या मेमरीचा तुकडा पाठवला जाऊ शकतो, आणि त्यात तुम्ही उघडलेल्या फाइलचा भागही असू शकतो, असं कंपनीच्याच कागदपत्रांत लिहिलेलं आहे. उघडी फाइल म्हणजे तुमच्याकडे कोणाचं तरी रिटर्न. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन हे आणि जाहिरातीचा आयडी बंद करायला दोन मिनिटं लागतात.

कोपायलटच्या आयकॉनने काही बिघडत नाही, अनइन्स्टॉल करा किंवा पडू द्या. स्टाफला एवढंच बजावा की क्लायंटची नोटीस त्यात पेस्ट करून “याचं उत्तर लिही” म्हणायचं नाही. ‘रिकॉल’ हा प्रकार मात्र वेगळा. मे २०२४ मध्ये तो जाहीर झाला: दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर शोधता येईल. काही दिवसांतच संशोधकांनी दाखवून दिलं की तो सगळा साठा साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या डेटाबेसमध्ये पडलेला असतो. ओरड झाली, कंपनीने माघार घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तो एन्क्रिप्ट करून, वापरणाऱ्याने स्वतः चालू केला तरच चालेल असा आला. तो फक्त ‘कोपायलट प्लस’ जातीच्या मशीनवर असतो, तुमच्या लॅपटॉपवर बहुधा नसेल. असलाच तर ‘विंडोज फीचर्स’च्या यादीतून काढून टाका. ऑफिसात ती जोखीम घ्यायचं कारण नाही.

लॅपटॉप कंपनीने भरलेलं सॉफ्टवेअर मला विंडोजच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त संशयास्पद वाटतं, आणि त्याला इतिहास आहे. लेनोवोने २०१४ च्या सुमारास काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर भरलं होतं. ते मशीनमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायचं, म्हणजे बँकेच्या साइटचं कुलूप हिरवं दिसत असताना मधे हे बसलेलं. कहर म्हणजे सगळ्या मशीनवर किल्ली एकच, आणि ती एका संशोधकाने काढून दाखवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रकरण फुटलं, २०१७ मध्ये अमेरिकेत ३५ लाख डॉलर भरून मिटलं. २०१७ मध्येच एचपीच्या काही लॅपटॉपवर आवाजाचा ड्रायव्हर प्रत्येक दाबलेली कळ एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो असं आढळलं. तो हेतू नव्हता, डीबगिंगचा कोड काढायचा राहिला होता. पासवर्ड टाइप करणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? म्हणून नवीन मशीन आलं की लॅपटॉप कंपनीचं ड्रायव्हर अपडेट करणारं एक ॲप ठेवायचं, बाकी सगळं काढायचं.

ट्रायल अँटिव्हायरस तर पहिल्या दिवशी काढा. तो बसलेला असेपर्यंत विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला होतं. तीस दिवसांनी “तुमचं मशीन धोक्यात आहे” असे लाल पॉपअप सुरू होतात आणि ऑफिसातलं कोणीतरी घाबरून कार्डाचा नंबर टाकतं. तो नीट अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की डिफेंडर आपोआप जागेवर येतं. तुमच्यासारख्या ऑफिसला ते पुरतं.

आणि इथूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण डिफेंडर हेही गळ्यात मारलेलंच सॉफ्टवेअर आहे. आपल्या पुण्याची क्विक हील कंपनी कैलास काटकरांनी रिपेअरिंगच्या दुकानापासून उभी केली. एके काळी नाशिकच्या प्रत्येक सायबर कॅफेत तिचा तो डबा असायचा. ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यानेच अँटिव्हायरस फुकट आत बसवला तर अशा कंपनीने विकायचं काय? रशियाच्या कॅस्परस्कीने हीच तक्रार २०१६-१७ मध्ये रशिया आणि युरोपात केली. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या अँटिव्हायरसना सूचना देण्याची आणि आधी अपडेट तपासण्याची मुभा वाढवली, तेव्हा तक्रार मागे घेतली गेली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगापुढे डिफेंडरविरुद्ध तक्रार गेली. २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली: सक्ती नाही, दुसरा अँटिव्हायरस टाकता येतो, बाजारात इतर कंपन्या आहेत. मला हा निर्णय पटतो, अर्धा. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पायरेटेड विंडोजवर कुठलाही अँटिव्हायरस न टाकणाऱ्या हजारो मशीनना डिफेंडरने वाचवलं आहे. पण “टाकता येतो” हा निकष फार ढिला आहे. टाकता तर सगळंच येतं. माणूस टाकत नाही, त्यावरच तर हा धंदा चालतो.

मराठीचंच उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहायचं तर सीडॅकचं आयएसएम किंवा पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी घ्यावं लागायचं, मशीनला डाँगल नावाची परवान्याची किल्ली लावून. एका फाँटमधली फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसता कचरा. विंडोज २००० पासून मंगल फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सोबतच येऊ लागला. फाँट विकणाऱ्यांचं गिऱ्हाईक तुटलं हे खरं, आणि मराठीत मेल लिहिणं, शोधणं, कॉपी-पेस्ट करणं सगळ्यांना फुकट झालं हेही खरं. नाशिकच्या डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी अजून आहे, पण पत्रिका आणि पुस्तकाच्या कामापुरती. मला विचाराल तर हे बंडलिंग समाजाच्या फायद्याचं ठरलं. कारण हे ज्यावर चालतं ती युनिकोड नावाची अक्षरांची सामायिक सांकेतिक पद्धत कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हती. उद्या विंडोज सोडलं तरी तुमचं मराठी तुमच्यासोबत येतं. सोबत आलेल्या वस्तूला मी हाच प्रश्न लावतो: सोडून जायचं म्हटलं तर माझं मला घेऊन जाता येतं का? मंगलला येतं. डिफेंडरमध्ये घेऊन जाण्यासारखं काही नसतंच. दुसऱ्याच्या अकाउंटवर अडकलेल्या डेस्कटॉपला मात्र येत नाही.

कायद्याचा इतिहास बघाल तर बैल गेला आणि झोपा केला असाच आहे. अमेरिकेच्या सरकारने आणि राज्यांनी मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, कारण इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमध्ये विणून टाकला होता आणि लॅपटॉप कंपन्यांना त्याचा आयकॉन काढायला करारानेच बंदी होती. एप्रिल २००० मध्ये निकाल विरुद्ध गेला, जूनमध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश झाला, पुढच्या वर्षी अपिलात तो आदेश उडाला. तोवर एक्सप्लोररची प्रतिस्पर्धी ब्राउझर कंपनी नेटस्केप एओएलला विकली गेली होती आणि तिचा बाजार आटला होता. युरोपने २००४ मध्ये मीडिया प्लेअरवरून ४९ कोटी ७० लाख युरोचा दंड केला आणि प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. किंमत तीच, मग कमी वस्तू कोण घेईल? जवळपास कोणीच घेतलं नाही. नंतर ब्राउझर निवडायची खिडकी दाखवायचं ठरलं, ती २०११-१२ मध्ये चौदा महिने दाखवायची राहून गेली, तर २०१३ मध्ये आणखी ५६ कोटी १० लाख युरोचा दंड.

आपल्याकडे त्या काळात एक्सप्लोररची मक्तेदारी टिकवायला कोणा कंपनीची फार गरजही नव्हती. कित्येक सरकारी पोर्टलच दुसऱ्या ब्राउझरवर चालत नसत. डिजिटल सहीचं डीएससी टोकन लावलं की ‘ॲक्टिव्हएक्स चालू करा’ असा दम यायचा, आणि ते एक्सप्लोररमध्येच चालायचं. टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराने फायरफॉक्स घेऊन करायचं काय? एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण त्याचं भूत एजच्या ‘आयई मोड’मध्ये राहतं. म्हणून तुमच्या ऑफिसात मी एज काढा म्हणणार नाही. एखाद्या जुन्या पोर्टलसाठी तो लागेलच.

तसाही भारतात तो सरळ मार्गाने निघत नाही. युरोपात मार्च २०२४ पासून डिजिटल मार्केट्स कायदा लागू झाला, आणि तिथल्या विंडोजमधून एज अनइन्स्टॉल करता येतो, स्टार्ट मेन्यूतला बिंगचा शोधही काढता येतो. तेच विंडोज, तीच डिस्क, फक्त प्रदेश बदलला. विंडोज १० च्या जादा वर्षाच्या सुरक्षा अपडेटचंही तसंच: घरगुती ग्राहकाला ती फुकट हवी तर सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चालू करा अशी अट होती, युरोपात ती मागे घेतली गेली, आपल्याकडे राहिली. “तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही” असं यापुढे कोणी सांगितलं तर हे दोन दाखले द्या.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ४ मध्ये वरचढ स्थानाचा गैरवापर येतो, एका बाजारातलं बळ वापरून दुसऱ्या बाजारात घुसणंही येतं. त्याखालीच २० ऑक्टोबर २०२२ ला आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला: प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकी ॲप्सही फोनमध्ये भरा, या सक्तीसाठी. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे चार निर्देश मात्र रद्द केले. त्याआधीच जानेवारीत गूगलने भारतात ॲप्सचा परवाना सुटा-सुटा देण्याची आणि सर्च इंजिन निवडू देण्याची घोषणा केली होती. एमजी रोडच्या प्रधान पार्कात जाऊन नवा फोन उघडून बघा, फोन अजूनही ॲप्सनी भरलेलाच येतो. फरक पडला तो करारात, तुमच्या स्क्रीनवर फारसा नाही. डिजिटल कंपन्यांसाठी आगाऊ नियम घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, त्याचा कायदा अजून झालेला नाही. आणि भरणारी फक्त कंपनीच असते असंही नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच घाला असा आदेश काढला होता, विरोध झाल्यावर काही दिवसांतच ती सक्ती मागे घेतली. ॲप चांगलं आहे, मी हरवलेल्या फोनसाठी लोकांना सुचवतो. पण सक्तीचं ॲप नको म्हणण्याचा हक्क चांगल्या ॲपबाबतही हवा.

तुमच्यावर थेट येणारा कायदा वेगळाच आहे: २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्यात क्लायंटच्या माहितीचा सांभाळ तुमच्याकडे आहे. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एवढा दंड छोट्या ऑफिसला कोणी लावणार नाही, पण “विंडोजने आपोआप अपलोड केलं” हे उत्तरही कोणी ऐकून घेणार नाही.

विंडोज सोडून लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर जा असं मी तुम्हाला सांगणार नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावर चालतात, पण टॅली आणि डीएससीच्या ड्रायव्हरपाशी तुमची गाडी अडेल. शिवाय लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूनेही २०१२ मध्ये मेन्यूतला शोध ॲमेझॉनकडे पाठवायचा प्रकार केला होता, तेव्हा तिथेही डोळे उघडे ठेवावेच लागतात.

सहा मशीनचं काम या क्रमाने करा. प्रत्येक मशीनच्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन ईमेल कोणाचा आहे बघा. तुमचा नसेल तर त्याच दिवशी बिटलॉकरची रिकव्हरी की एक्स्पोर्ट करून प्रिंट काढा, प्रिंट कपाटात ठेवा, आणि मगच नवीन लोकल किंवा ऑफिसच्या ईमेलचं अकाउंट तयार करून जुनं काढा. डिस्कची किल्ली दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये गेलेली असल्याने एन्क्रिप्शन एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे किल्ली बदलते, आणि कपाटातली जुनी प्रिंट काढून नव्या किल्लीची ठेवा. मग वर सांगितल्याप्रमाणे वनड्राइव्ह, मग मेल, मग ट्रायल अँटिव्हायरस. पुढच्या खरेदीत ऑर्डरवरच लिहा: विंडोज प्रो हवं, सील फोडू नये, सेटअप ऑफिसात होईल. दुकानदार कुरकुर करेल, पण ऐकेल.

हे काम रिटर्नच्या ३१ जुलैच्या मुदतीच्या तोंडावर काढू नका. ज्या मशीनवर सगळ्यात कमी काम होतं तिथून सुरुवात करा, आणि त्यावरचा डेस्कटॉप दोन दिवस नीट तपासल्याशिवाय दुसऱ्या मशीनला हात लावू नका.